आजारी रानाची राखण

देवगाव रंगारीच्या शिवारात बद्रीनाथच्या वीस गुंठ्यांच्या बांधावर लाल औषधाच्या पाण्याचं एक घमेलं कायम भरलेलं असे. रानात शिरताना त्याच्याकडे कुणी बघत नसे. बाहेर पडताना मात्र त्यात पाय बुडवल्याशिवाय सुटका नव्हती. माणूस देवळात शिरताना पाय धुतो, इथं कायदा उलटा होता. या मातीत असं काही होतं जे बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं, आणि ते जपण्याचा जिम्मा सात वर्षांपासून बद्रीनाथवर होता.

जपायचं काय, तर रोग. त्या मातीत डोळ्यांना न दिसणारे, दोऱ्याहून बारीक किडे होते. ते वांग्याच्या, टोमॅटोच्या, भेंडीच्या मुळांत शिरत, तिथंच बिऱ्हाड करत, आणि मुळांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी येत. गाठाळलेलं मूळ नीट पाणी ओढत नाही. झाड सकाळी ताजं दिसतं आणि दुपारी मान टाकतं. शिकलेली माणसं या किड्यांना सूत्रकृमी म्हणतात. देवगावची माणसं नुसतं गाठीचा रोग म्हणत, आणि बद्रीनाथच्या वीस गुंठ्यांना सरळ आजारी रान.

सात वर्षांपूर्वी त्याची वांगी अशीच मान टाकायला लागली, तेव्हा तो दोन झाडं पोत्यात गुंडाळून एस.टी.नं तालुक्याच्या गावी, कन्नडला गेला होता. बाजाराच्या दिवशी औरंगाबादच्या एका बियाणे कंपनीनं तिथं मंडप टाकला होता. मंडपात वैजनाथसाहेब बसले होते, कंपनीच्या संशोधन विभागाचे, जाड भिंगांचा चष्मा आणि खिशाला दोन पेनं. त्यांनी मुळं बादलीत खळबळून धुतली आणि त्यांचे डोळे एकदम चमकले.

"सगळ्या रानात असंच आहे?"

"सगळ्याच की, साहेब."

"उत्तम!" वैजनाथसाहेब म्हणाले.

शिकल्यासवरल्या माणसानं बद्रीनाथच्या एखाद्या गोष्टीला उत्तम म्हणण्याची ती पहिलीच वेळ, आणि तीही त्याच्या बुडालेल्या पिकाला बघून. रडावं की साहेबांना चहा पाजावा, हे त्याला कळेना. शेवटी त्यानं चहा पाजला.

त्या चहातून करार झाला. कंपनीला रोगाला दाद न देणारी वाणं शोधायची होती, आणि त्यासाठी पक्कं रोगट रान हवं होतं. दहा वर्षं रान कंपनीकडे राहील, बद्रीनाथ ते कंपनी सांगेल तसं राखील, आणि त्याच्या एकुलत्या एका मुलाला, पुंजारामला, औरंगाबादच्या प्रयोगशाळेत काम मिळेल. कागद इंग्रजीत होता. वैजनाथसाहेबांनी तो मराठीत समजावून सांगितला, चांगला दोनदा सांगितला. बद्रीनाथनं दोन्ही वेळा मान डोलावली, कारण त्याच्या कानात फक्त मुलाची नोकरी घुमत होती.

काम तसं साधं होतं. दर साली कोजागिरी झाली की कंपनीची जीप यायची आणि चाळीस नंबरांची रोपं उतरायची. प्रत्येक नंबराची एक ओळ, आणि दर पाच ओळींनंतर एक ओळ अशा वांग्याची, जे या रोगापुढं हटकून नांगी टाकतं. साहेब त्या ओळीला तुलनेची ओळ म्हणत. बद्रीनाथनं तिचं नाव रडतराऊत ठेवलं होतं. दीड महिन्यानं झाडं उपटायची, मुळं बादलीत धुवायची, गाठी मोजायच्या आणि शून्य ते पाच असे गुण द्यायचे. शून्य म्हणजे मूळ स्वच्छ, पाच म्हणजे गाठीच गाठी. रडतराऊताला पाचच मिळायला पाहिजेत. त्याला पाच मिळाले तर रोग जागेवर आहे असं ठरतं, आणि मगच बाकीच्यांच्या शून्याला किंमत.

म्हणून बद्रीनाथनं काय करायचं नाही, याची यादी लांबलचक होती. उन्हाळ्यात रान नांगरून तापू द्यायचं नाही. निंबोळी पेंड घालायची नाही. झेंडू तर फिरकूही द्यायचा नाही, कारण झेंडूच्या मुळांनी हे किडे मरतात. पावसाळ्यात रान मोकळं ठेवायचं नाही, तीच रडकी वांगी लावायची, म्हणजे किड्यांना खायला मिळेल. ज्या माणसाचे हात रानात गवताची काडी दिसली तरी शिवशिवत, त्यानं आजार पोसत बसायचं. आलेलं वांगं खायचंही नाही, विकायचंही नाही. तोडायचं आणि खड्ड्यात पुरायचं.

गावानंही आपला कायदा केला. शेजारचं रान आप्पासाहेबांचं. ते वयानं मोठे, गावातलं वजनदार माणूस, आणि तोंडावर बोलणारे. पहिल्याच वर्षी त्यांनी बांधावर उभं राहून सांगितलं, "बद्री, राग मानू नको. तुझ्या पायानं माझ्या रानात माती नगं यायला. तू नाल्यावरून जात जा."

तेव्हापासून घर ते रान हा पाच मिनिटांचा रस्ता नाल्यावरून अर्ध्या तासाचा झाला. त्याचं कुदळ-फावडं कुणी मागत नसे, त्याला कुणी देत नसे. निंदायला बाया येत नसत. त्यालाही दुसऱ्याच्या रानात कामाला कुणी बोलवत नसे. कुणी वाईट बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं, पण सगळे हसून, आपुलकीनं दूर राहायचे. सुपारी अडकित्त्यात असावी तसा तो सात वर्षं त्या वीस गुंठ्यांत अडकून पडला होता.

यातलं सगळं त्यानं सोसलं असतं. चंपाषष्ठीचं मात्र त्याला सोसवेना.

देवगावात चातुर्मासापासून घराघरांत वांगं बंद असायचं. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवल्यावरच ते तोंडात पडायचं. त्या नैवेद्याची वांगी बद्रीनाथच्या याच, विहिरीजवळच्या रानातून जायची. पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या दुसऱ्या सालात त्याच्या वडिलांनी ती विहीर पाडली, आणि पहिल्या पाण्याची वांगी देवाला दिली, तेव्हापासूनचा हा मान. करार झाला त्या वर्षी त्याची बायको सारजाबाई घरामागच्या वाफ्यातली चार वांगी घेऊन देवळात गेली. ती त्या रानातली नव्हतीच. तरी पुजाऱ्यानं टोपलीकडे बघितलं, आप्पासाहेबांकडे बघितलं आणि म्हणाला, "राहू द्या यंदा." सारजाबाई परत आली आणि तिनं ती वांगी म्हशीपुढं टाकली. पुढं सहा वर्षं तिनं टोपली नेलीच नाही.

दोन वर्षांपूर्वी बद्रीनाथनं मनाशी एक हिशोब मांडला. रोग आहे म्हणून साहेबांना रान हवं. रोगच गेला तर साहेब रान कशाला ठेवतील? पुंजारामचं म्हणशील, तर त्याला नोकरी लागून गेली. आता तो शहराचा झाला, हर्सूलला खोली करून बायको-लेकीसह राहतो. दिलेली नोकरी कोण परत घेतं?

त्या उन्हाळ्यात त्यानं भर दुपारी रान उलटंपालटं केलं. वैशाखात जीप येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. निंबोळी पेंड शेणखताच्या पाट्यांत दडपून आणली. पावसाळ्यात रस्त्याच्या बाजूला दोन ओळी रडक्या वांग्यांच्या ठेवल्या आणि आत सगळा झेंडू लावला. दसऱ्याला फुलं तोडली, झाडं कापली, मुळं मातीतच राहू दिली. सारजाबाईनं दाराला एवढं मोठं तोरण बांधलं की वाकून आत जावं लागे. कोजागिरीनंतर जीप आली तेव्हा रान चकचकीत मोकळं होतं.

पहिल्या वर्षी रडतराऊताला पाचाऐवजी तीन गुण मिळाले. साहेबांनी कपाळाला आठी घातली आणि पाऊस जास्त झाला असेल म्हणाले. दुसऱ्या उन्हाळ्यात बद्रीनाथनं पेंड दुप्पट घातली.

यंदाची उपटणी चंपाषष्ठीच्या तीन दिवस आधी आली.

वैजनाथसाहेब बादली घेऊन बसले. बद्रीनाथ झाडं उपटून देत होता, साहेब मुळं धुऊन वहीत लिहीत होते. पहिला नंबर शून्य. दुसरा शून्य. तिसरा शून्य. साहेबांनी त्या शून्याभोवती पेनानं गोल केला. "बद्रीनाथ, सात वर्षं ज्याची वाट बघतोय ते हेच बरं का!" पाचव्या शून्याला ते चक्क गुणगुणायला लागले.

मग रडतराऊताची ओळ आली.

बद्रीनाथनं पहिलं झाड उपटलं. मुळाला माती धरून होती, म्हणून त्याला काही दिसलं नाही. साहेबांनी ते पाण्यात खळबळलं, वर काढलं. पांढरंशुभ्र मूळ, म्हाताऱ्याच्या दाढीसारखं मोकळं. एक गाठ नाही. दुसरं झाड तसंच. तिसरं तसंच. साहेबांचं गुणगुणणं थांबलं. बद्रीनाथला आनंदाची अशी उकळी फुटली की त्यानं चेहरा लपवायला खाली वाकून चप्पल चाचपली. रान बरं झालं होतं. त्याच्या हातानं बरं झालं होतं.

वैजनाथसाहेब बांधावर बसले. त्यांनी वही मिटली. मातीत बोटं घालून त्यांनी काळं पडलेलं एक जुनं मूळ काढलं, नाकाशी धरलं.

"झेंडू," ते म्हणाले.

बद्रीनाथनं हातातलं झाड खाली ठेवलं.

"किती वर्षं?"

"दोन, साहेब."

त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. पण साहेब थकलेल्या आवाजात बोलले, जसं घरातल्या माणसाशी बोलावं तसं. "चाळीस नंबर होते. यातला एखादा खरोखर चांगला असेल. पण कोणता, ते आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. इथं सगळेच पास झाले. गेल्या वर्षीचंही सगळं पाण्यात गेलं."

"साहेब, रोग ऱ्हायलाच नाय तर आता रान सोडा ना मला."

साहेबांनी चष्मा काढला आणि त्याच्याकडे बघितलं. "करार वाचून दाखवला होता मी तुम्हाला. दोनदा. पुंजाराम कंपनीच्या पटावर नाही, बद्रीनाथ. तो या प्लॉटच्या खात्यावर आहे. प्लॉट आहे तोवर त्याचं काम. मुदत पूर्ण झाली की त्याला पटावर घेणार, असं लिहिलंय. प्लॉट मधेच बंद झाला तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील. माझ्या हातात असतं तर..." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "मलाही वर जाऊन सांगायचंय, दोन वर्षं मी काय करत होतो म्हणून."

मघाची उकळी कुठल्या कुठं गेली.

"मंग आता?"

"एकच रस्ता आहे. प्रयोगशाळेत कुंड्यांमधे आपण हे किडे वाढवतो. ती गाठीची मुळं पाठवतो. बारीक तोडून सगळ्या रानात मिसळा, वर रडकी वांगी लावा, पाणी ठेवा. पावसाळ्यापर्यंत रान पहिल्यासारखं होईल. मी वर सांगेन, हंगाम बिघडला." जीपकडे जाता जाता ते वळले. "उन्हाळ्यात मी स्वतः येऊन मुळं बघणार. आता विश्वासावर सोडता येणार नाही मला."

घमेल्यात पाय बुडवून साहेब गेले. बद्रीनाथ पांढऱ्या मुळांच्या ढिगापाशी उभा राहिला. तेवढ्यात बांधापलीकडून आप्पासाहेब आले. ते जीप जायचीच वाट बघत असावेत. त्यांनी वाकून एक मूळ उचललं, उन्हात धरलं, बोटांनी चाचपलं.

"बद्री, आरं एक गाठ नाय!"

"नाय."

"समद्या झाडांला असंच?"

"व्हय."

"मर्दा, तू तर कमालच केली!" आप्पासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. सात वर्षांत त्या माणसानं त्याला हात लावला नव्हता. "सारजाला सांग, चंपाषष्ठीला वांगी तुझ्या रानातली. मी सांगतो देवळात. आन् उद्यापासून माझ्या बांधानं जात जा. कामून फिरतो त्या नाल्यानं?"

बद्रीनाथला सांगायचं होतं. पण पुंजारामची तीन वर्षांची लेक त्याच्या डोळ्यांपुढं उभी राहिली, आणि तो नुसता हसला. ते हसणं त्याचं त्यालाच ओंगळ वाटलं.

कंपनीची वांगी खड्ड्यात पुरायची असतात. सारजाबाईनं त्या वर्षी ती पुरली नाहीत. रडतराऊताच्या ओळीतली सगळ्यात चांगली, तुकतुकीत वांगी निवडून तिनं टोपली भरली, वर कांद्याची पात ठेवली, आणि चंपाषष्ठीला नवं लुगडं नेसून देवळात गेली. पुजाऱ्यानं दोन्ही हातांनी टोपली घेतली. यळकोट यळकोट जय मल्हारच्या गजरात तळी उचलली गेली, भंडारा उधळला गेला, आणि भरताचा पहिला घास बद्रीनाथच्या हातावर पडला. सारजाबाई बायकांमधे बसून हसत होती. ती अशी हसते, हे तो विसरूनच गेला होता. तिला त्यानं अजून काही सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं सांगितलं. सारजाबाई भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या कपाळानं ऐकत राहिली.

"देवाला ठाव हाय का हे?" तिनं विचारलं.

"देवाला समदंच ठाव असतं."

"मंग त्यानं आजची वांगी घेतली, तेवढंच आपलं." तिनं रिकामी टोपली उचलून आढ्याला टांगली. "लेकराचा संसार मोडू नगा. टाका काय टाकायचं ते."

तिसऱ्या दिवशी जीप आली. मागच्या बाजूनं उडी मारून पुंजाराम उतरला. साहेबांनी सामानाबरोबर त्यालाच पाठवलं होतं. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खिशाला एक पेन. जीपमधून त्यानं ओलसर पोती उतरवायला सुरुवात केली. एक, दोन, पाच.

"बाबा, वजन बघा," तो कौतुकानं म्हणाला. "दोनशे कुंड्या. एकट्यानं सांभाळल्या मी. पाणी, ऊन, समदं. साहेब म्हणले, पुंजाराम, तुझ्यासारख्या गाठी कुणीच वाढवत नाय." त्यानं एका पोत्याचं तोंड सोडून मूठभर मुळं वर काढली. गच्च गाठी, एकीवर एक. "हे बघा, पाचाला पाच!"

बद्रीनाथनं मुलाच्या तळहातावरची मुळं बघितली. त्याला वाटलं, विळा घ्यावा आणि पोत्यांसकट सगळं विहिरीकडेला नेऊन पेटवून द्यावं. ओली मुळं पेटली नसती, ही गोष्ट वेगळी. पण पेटली असती तरी उन्हाळ्यात साहेब आले असते, त्यांनी रडतराऊत उपटला असता, आणि त्याच्या मुळावर पुंजारामचं भवितव्य बघितलं असतं. पळायला वाट नव्हती. जी होती ती त्याच्या मुलाच्या डोक्यावरून जात होती.

"साहेबांनी कामून मागवल्या या, ठाव हाय का तुला?" त्यानं विचारलं.

"रानात रोग कमी पडला म्हणं औंदा. पावसानं." पुंजाराम हसला. "तुम्ही फिकर करू नगा बाबा. मी हाय ना. तीन वरसं जोर लावू, मंग मी कायम. मंग तुम्हाला तिकडंच नेतो हर्सूलला. काय ठेवलंय इथं?"

बद्रीनाथनं मान डोलावली. सात वर्षांपूर्वी डोलावली होती तशीच.

बापलेकांनी मिळून मुळं तोडली. विळ्याच्या धारेखाली गाठी कचाकच तुटत होत्या. मग बद्रीनाथनं पाटी भरली, काखेत धरली आणि सऱ्यांमधून चालायला लागला. पेरताना चालतो तशीच पावलं आपोआप पडायला लागली, तोच हात, तीच लय, मूठ भरायची आणि सोडायची. दोन उन्हाळे ज्या मातीला त्यानं उन्हात शेकवलं, पेंड चारली, ती मऊ माती पायाखाली दबत होती. मागून पुंजाराम फावड्यानं मुळं मातीआड करत येत होता. मधेच तो म्हणाला, "बाबा, तुमच्या हाताला काय सफाई हाय!" बद्रीनाथच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

दुपारपर्यंत पोती रिकामी झाली. पुंजाराम घमेल्यात पाय बुडवून जीपमधे बसला, हात हलवत गेला. बद्रीनाथनं घमेल्यातलं जुनं पाणी रानातच ओतलं, विहिरीचं ताजं भरलं, औषधाची पुडी सोडली. पाणी लालभडक झालं. त्यात त्यानं पाय ठेवले. घोटे चोळले, बोटांच्या बेचक्या चोळल्या, चपला बुडवल्या, नखांतली माती काडीनं काढली. एवढे पाय त्यानं सात वर्षांत कधी धुतले नव्हते.

"बद्री!" आप्पासाहेब त्यांच्या बांधावरून हाका मारत होते. हातात हरभऱ्याचा टहाळ होता. "आरं ये की इकडून! च्या ठेवायला सांगितलाय घरी. त्या नाल्यानं कुठं चालला?"

पाच मिनिटांचा रस्ता समोर मोकळा होता. हरभरा नुकता घाट्यावर आला होता, आणि आप्पासाहेबांनी त्याच्यासाठी बांधावरची वाट अडवणारा काट्याचा फास स्वतः बाजूला ओढून ठेवला होता.

"सवय झालीया, आप्पासाहेब," बद्रीनाथ म्हणाला, आणि ओल्या पायांनी नाल्यात उतरला.